वऱ्हाडी ताट आणि रक्तातली साखर

टाइप टू मधुमेह बहुतेक वेळा दुखण्यामुळे सापडत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीची तपासणी, विम्याचे कागद, गावात भरलेले आरोग्य शिबिर, महिनाभर न भरलेली पायाची जखम, अशा कुठल्यातरी निमित्ताने रक्त तपासले जाते आणि आकडा समोर येतो. अमरावती-अकोल्याकडच्या घरांत मग एकच वाक्य फिरते : 'शुगर निंगाली.' आजार मात्र त्या दिवशी सुरू झालेला नसतो. तो आधीची काही वर्षे शरीरात असतो आणि त्याने डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडावर, पायांच्या नसांवर आपले काम हळूहळू सुरूही केलेले असते. निदानानंतरच्या पहिल्या वर्षाला म्हणूनच फार किंमत आहे.

ही किंमत ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून ठामपणे कळली. १९७७ मध्ये सुरू झालेल्या 'यूकेपीडीएस' या अभ्यासात नव्याने निदान झालेले रुग्ण घेतले होते. १९९८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा ज्यांची साखर सुरुवातीपासून काटेकोर सांभाळली गेली त्यांच्यात डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार पाव हिश्श्याने कमी दिसले. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांच्या साखरेतला फरक मिटला, तरीही दहा वर्षांनी पाहिले तर सुरुवातीला सांभाळलेल्यांचा फायदा टिकून होता. पहिली काही वर्षे नीट सांभाळलेली साखर शरीर विसरत नाही.

आकडे थोडे आहेत आणि ते घरात सगळ्यांना पाठ असावेत. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा 'तीन महिन्यांची' म्हणून ओळखली जाणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर एका चाचणीवर शिक्का मारायचा नसतो, ती पुन्हा करून घ्यायची असते. उपाशीपोटी १०० ते १२५ असेल तर लोक 'बॉर्डरवर आहे' म्हणतात आणि निवांत होतात. खरे तर आजार परतवण्याची सगळ्यात चांगली संधी तिथेच असते. निदान झाल्यानंतर बहुतेकांसाठी लक्ष्य असे असते : उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आसपास किंवा खाली. वय फार असेल, किंवा साखर अचानक उतरण्याचा धोका असेल, तर डॉक्टर हे लक्ष्य सैल करतात.

एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी या एका आकड्यात उतरते. विदर्भात या चाचणीला एक मोठी मर्यादा आहे. मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांत आणि विदर्भातल्या इतरही अनेक समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेने झालेल्या पांडुरोगात उलट घडते, आकडा खोटा वाढतो. बाईचे हिमोग्लोबिन आठ असेल आणि एचबीए१सी ६.८ आली, तर तेवढ्या कागदावर विसंबणे धोक्याचे आहे. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साधी रक्तातली साखरच खरी साक्ष देते.

'अंगानं तर किडकिडीत आहे, मग शुगर कशी?' हा प्रश्न वऱ्हाडात सर्रास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक दिसतो आणि पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठवतो. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथे जन्मतःच लहान असलेल्या बाळांच्या अंगातही चरबीचा वाटा त्या मानाने जास्त निघाला. पोटाच्या आतल्या या चरबीमुळे इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून काही वर्षे भागवते. ते थकू लागले की साखर वर येते. म्हणून वजनापेक्षा कंबरेचा घेर पाहावा. पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर बारीक हातपाय पाहून निश्चिंत राहू नये.

देशभर पसरलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के निघाले होते. हा आजार आता शहरी, खात्यापित्या लोकांपुरता राहिलेला नाही. वऱ्हाडात त्यामागे शेतीचा बदलही उभा आहे. गेल्या तीन-चार दशकांत खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ज्वारीला भाव नाही, दाणे पाखरे खातात, उभ्या पिकात रानडुकरे शिरतात, ही शेतकऱ्याची कारणे खरी आहेत. पण त्याबरोबर घरची ज्वारी संपली, रेशनचा गहू-तांदूळ ताटात आला, बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला आणि शेतावर पायी जाणारा माणूस मोटारसायकलवर बसला. दिवसभर वखरामागे चालणाऱ्याला जे जेवण लागायचे तेवढेच जेवण दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याच्या ताटात राहिले. आजाराचे बरेचसे मूळ या न बदललेल्या मापात आहे.

म्हणून साखर सांभाळण्याची सुरुवात ताटापासून होते, आणि त्यासाठी वऱ्हाडी ताट टाकून द्यावे लागत नाही. ओट्स, किनोआ, महागडे डबे यांच्यामागे लागलेला माणूस दोन महिन्यांत कंटाळतो. ज्वारीची भाकरी, पिठले, अंबाडीची भाजी, तुरीच्या सोल्यांची आमटी, जवसाची चटणी, कांदा, ताक हे जेवण मधुमेहाला मुळातच चांगले आहे. फक्त एक गैरसमज आधी दूर व्हायला हवा. 'गहू बंद केला, आता भाकर किती का खा' हे चूक आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तितकीच. ज्वारीचा स्टार्च थोडा सावकाश पचतो आणि भाकरीने पोट लवकर भरते, हा तिचा गुण. पण वऱ्हाडातली हातावर थापलेली जाड भाकरी एकटीच ७०-८० ग्रॅम पिठाची असू शकते. तशा तीन खाल्ल्या की दीडशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात गेली, भात अजून वाढायचाच आहे.

भाकरी एक-दीड, भात मूठभर किंवा नाहीच, आणि ताटाची अर्धी जागा भाजीला, हे माप बहुतेकांना पेलते. कमी झालेली भाकरी डाळीने भरून काढावी. इथे अकोल्यासारखे नशीबवान गाव कमीच. तुरीची बाजारपेठ आणि डाळमिल यांसाठी ते ओळखले जाते, आणि तुरीच्या डाळीत पाचवा हिस्सा प्रथिने असतात. पण घरोघरी वरण इतके पातळ होते की वाटीत डाळ शोधावी लागते. मधुमेह्याचे वरण घट्ट हवे. ज्वारीत उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी तर फार शहाणी गोष्ट आहे, धान्य आणि डाळ एकाच घासात येतात. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या पडतात, त्याही हिशेबात धराव्यात. जेवणाचा क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी कांदा-काकडी, भाजी, घट्ट वरण आणि नंतर भाकरी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

हे सगळे कोणाच्या सांगण्यावरून मानायची गरज नाही, कारण घरी ग्लुकोमीटर असतो. पण तो बहुतेक घरांत रोज सकाळी उपाशीपोटी एकदाच वापरला जातो. त्यातून आदल्या रात्रीचे आणि यकृताचे वागणे कळते, जेवणाचे काही कळत नाही. पहाटे यकृत स्वतःहून साखर सोडते, म्हणून रात्री काही न खाताही सकाळचा आकडा चढलेला दिसतो आणि माणूस विनाकारण हिरमुसतो. मीटरचा खरा उपयोग जोडीने मोजण्यात आहे : जेवणाच्या आधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. समजा, आधी ११८ आणि तीन भाकरी व भातानंतर २१५ आले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दीड भाकरी, पिठले, अंबाडी आणि कांदा खाऊन ११५ चे १५८ झाले. ही दोन ताटे त्या माणसाला जे शिकवतात ते कुठल्याही छापील तक्त्यात नसते. आठवड्यात अशा दोन-तीन जोड्या पुरतात, रोज बोटे टोचायची गरज नाही. वहीत आकड्याशेजारी काय खाल्ले ते लिहिले, तरच ती वही डॉक्टरांच्या कामाची.

चहा हा सगळ्यात सोपा विजय आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला. दोन चमचे साखरेचा एक चहा म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दुकानात, कचेरीत, पाहुणचारात असे पाच-सहा चहा सहज होतात. फिका चहा पहिले पंधरा दिवस नकोसा वाटतो, मग जिभेला सवय होते. साखरेऐवजी गूळ घालून काही साधत नाही, रक्ताच्या दृष्टीने दोन्ही एकच.

संत्र्याबद्दल वरूड-मोर्शीकडच्या घरांत खूप संभ्रम असतो, कारण तिथे संत्री विकत आणायची नसतात, बागेतून पोत्याने येतात. पूर्ण संत्रे, फोडींच्या सालपटासकट, एका वेळी एक खाल्ले तर साखर फार चढत नाही. चार संत्र्यांचा रस काढून प्याला की चोथा निघून जातो, चारांची साखर उरते आणि ती काही मिनिटांत रक्तात उतरते. आंब्याचा रस आणि पोळी हे मे महिन्यातले ताट तर दुहेरी घाव आहे. आंबा खायचाच असेल तर फोड करून, पोळीच्या बदल्यात खावा.

उपवास हा वेगळा आणि गंभीर विषय. चतुर्थी, एकादशी, श्रावण सोमवार यांना होणारी साबुदाण्याची उसळ म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. कोरड्या साबुदाण्यात शंभरामागे ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके. शेंगदाण्याने थोडा लगाम बसतो, तरी बशीभर उसळ, बटाट्याचा चिवडा आणि वर केळे असा उपवास जेवणापेक्षा जड पडतो. भगर थोडीच खाऊन सोबत शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी घेतली तर श्रद्धाही राहते आणि साखरही. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे आधीच विचारून ठेवावे. अनेक जण जेवण नाही म्हणून सगळ्याच गोळ्या बंद करतात, काही जण सगळ्याच घेतात. दोन्हींत धोका आहे.

मग सण येतात. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी, आणि बहिरमच्या यात्रेतले हंडीचे मटण नि रोडगे. 'येका पोयीनं काय होते?' असा प्रेमाचा आग्रह होतो आणि पुरणपोळीवर तुपाची धार पडते. एका पोळीने खरेच फार काही होत नाही, जर त्या दिवशी भात आणि भजी बाजूला ठेवली आणि जेवणानंतर पाय मोकळे केले तर. बिघडते ते उरलेली पुरणपोळी पुढचे तीन दिवस संपवण्याने. वऱ्हाडी स्वयंपाक सगळ्यांसाठी एकच होतो. आजारी माणसाचे वेगळे ताट काढले की त्याला परके वाटते, आणि करणाऱ्या बाईवर दुप्पट काम पडते. शुगर तिलाच असेल तर हाल अधिक, कारण ती सगळ्यांनंतर, उरलेले, उशिरा खाते. घट्ट वरण, कमी तेलाची भाजी आणि फिका चहा हा साऱ्या घराचाच स्वयंपाक झाला पाहिजे. त्याच घरातल्या मुलांच्या रक्तातही हा धोका उतरलेला असतो, म्हणून त्यांचेही त्यात हितच आहे.

महाराष्ट्रात निदान झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी 'दीक्षित डाएट' सुचवतो. डॉ. श्रीकांत जिचकार या विदर्भाच्या सुपुत्राने मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी व्याख्याने देऊन पोहोचवलेली ही पद्धत दिवसात दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगते. मधले खाणे पूर्ण बंद. सतत चरण्याची सवय मोडणे, वजन उतरणे हे तिचे लाभ अनेकांना झाले आहेत. पण ज्याला ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याने डोस बदलून घेतल्याशिवाय असे काही सुरू करणे म्हणजे साखर उतरून बेशुद्ध पडण्याला आमंत्रण.

चालण्याला पर्याय नाही. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हे माप जगभर मान्य आहे. स्नायू काम करू लागले की इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली औषधासारखे काम करते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले, त्या अमरावतीला व्यायामाची परंपरा सांगायला नको. वडाळी आणि छत्री तलावाकडे, अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या झाडीत पहाटे माणसे दिसतात. त्यांत बाया वाढल्या आहेत ही फार चांगली गोष्ट.

उन्हाळा मात्र इथला वैरी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि चालायला पहाटेचा थोडाच वेळ उरतो. घामाने पाणी गेले की रक्तातली साखर दाट होते, साखर वाढली की लघवी वाढते आणि पाणी आणखी जाते. तहान लागल्यावर रसवंतीवर थांबणे म्हणजे आगीत तेल. ताक, मीठ-लिंबाचे पाणी किंवा साधे पाणी घ्यावे. मीटरच्या पट्ट्या साधारण ३० अंशांपर्यंतच टिकतात. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली डबी चुकीचे आकडे देते आणि माणूस औषधाला दोष देतो. इन्सुलिन चालू असेल आणि गावात वीज जात असेल, तर कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून, पाणी शिरणार नाही अशी, ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. कोरड्या हवेत माठ चांगला थंडावतो, आणि वऱ्हाडचा उन्हाळा कोरडाच असतो.

औषधात पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिन. ती यकृतातून सुटणारी साखर आवरते, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि एकटी घेतली तर साखर धोक्याइतकी उतरवत नाही. सुरुवातीला पोट बिघडते. जेवणाबरोबर, कमी मात्रेपासून सुरू केली तर बहुतेकांना सोसते. अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ कमी होते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते. पायाला मुंग्या येण्याचे कारण कधी साखर नसून तेच असते. ग्लिमेपिराइड साखर झपाट्याने उतरवते, पण जेवण लांबले की घात करते. लग्नाची पंगत दुपारी तीनला बसते आणि सकाळची गोळी तर आठलाच घेतलेली असते. घाम, थरथर, गोंधळ, अंधारी आली की तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी 'मला शुगर आहे' म्हणून साखर नाकारणारी माणसे असतात. सत्तरच्या खाली साखर हेच औषध. एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, हृदय आणि मूत्रपिंड यांनाही जपते. २०२५ मध्ये तिचे पेटंट संपल्यावर किंमत एकदम खाली आली आणि ती साध्या घरांच्या आवाक्यात आली. भर उन्हात राबणाऱ्याने मात्र ती घेताना पाणी जास्त प्यावे, आणि उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून थांबवावी. मेथी, कारले, जांभळाच्या बियांचे चूर्ण कोणी घेत असेल तर हरकत नाही, मेथीचा थोडा उपयोग दिसतोही. त्यांच्या भरवशावर गोळी सोडणे हे मात्र मूत्रपिंडाने मोजायचे कर्ज आहे.

निदानाच्या वेळीच डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पाय तपासून घ्यायचे असतात, मग दरवर्षी. यात पायांकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. तूर कापून झाली की शेतात तिची तिरपी धसकटे उभी राहतात, खिळ्यासारखी टोकदार. संवेदना गेलेल्या पायाला ते रुतलेले कळत नाही, रक्त लागलेली चप्पल पाहूनच समजते. शेतात बूट, घरातही चप्पल, आणि रोज रात्री आरसा धरून तळवे पाहणे एवढ्याने अनेक पाय वाचतात. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे.

वजन बरेच उतरवलेल्या काहींची साखर गोळीशिवायही ताब्यात येते. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात, सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांच्या वजन उतरवणाऱ्या गटात जवळजवळ निम्म्यांना एका वर्षात हे साधले. पंधरा किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत तर बहुतेकांना. औषध थांबवून तीन महिन्यांनीही एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल तर त्या स्थितीला डॉक्टर आता मुक्ती म्हणत नाहीत, विराम म्हणतात. किडकिडीत माणसाला इतके वजन उतरवायला नसते, पण पोटाचा घेर उतरवणे त्याच्याही हातात असते. विराम मिळाला तरी वर्षातून एकदा तरी एचबीए१सी, डोळे, लघवी आणि पाय यांची तपासणी चालूच ठेवावी लागते.